दोन नावं कमी, तीन तिकिटं

वसमत,
रविवार, २१ डिसेंबर २०२५

ती. अमृतकाकांना,
दीक्षाचा सविनय जय भीम.

आम्ही दोघी ठीक आहोत. थंडी चांगलीच पडली आहे. आईचा गुडघा सकाळी धरतो आणि ऊन अंगणात आलं की सोडतो. काकूची तब्येत बरी असेल. तुमचा खोकला गेला का?

आधी एक दुरुस्ती करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आईला बस लागते, उलट्या होतात, म्हणून या वर्षी बुद्धगयेच्या यात्रेतून आमची दोघींची नावं कमी करा. ते बरोबर नव्हतं. आईला बस लागत नाही. कधीच लागलेली नाही. उलट घाटातसुद्धा ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ते पत्र वाचून तुम्ही पिशवीभर लिंबं पाठवलीत आणि निरोप दिलात, की वहिनींसाठी ड्रायव्हरमागची सीट ठेवली आहे, तिथं हादरे बसत नाहीत. आईनं पिशवी उघडली, लिंबं पाहिली आणि मला विचारलं, "हे कशाला?" मला सांगावं लागलं. मग ती जी चिडली!

"माझ्या नावावर उलट्या काहून लिवल्या गं? भाऊजी काय म्हणले असतील? म्हातारी झाली वहिनी, असंच ना?"

मी म्हटलं, कुणालाच वाईट वाटणार नाही असं कारण शोधत होते. ती म्हणाली, "मला वाटलं ना वाईट. मी कुणीच न्हाई व्हय?"

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. म्हणून आज खरं काय ते लिहिते. फोनवर सांगितलेलं तुम्ही धरत नाही, नाव घालायचं असो की काढायचं, कागदावर पाहिजे, हा तुमचा नियम आहे. मलाही कागदच सोपा पडतो. फोनवर तुम्ही "बरं, ऐक" म्हणता आणि मग मला जे बोलायचं असतं ते राहून जातं.

तर काका, आम्ही या वर्षी रेल्वेनं जातो आहोत. तिकिटं मी स्वतः काढली आहेत.

हे सुरू झालं आमच्या दवाखान्यात. मी रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावत बसले होते आणि शेजारी कोमल सिस्टर डबा खाता खाता मोबाइलवर म्हैसूरची तिकिटं काढत होत्या. एका हातात पोळी, एका हातात म्हैसूर. डबा संपेपर्यंत त्यांचं सगळं कुटुंब खिडकीच्या सीटसकट बसलं होतं. मी विचारलं, "सिस्टर, भीती नाही वाटत? चुकलं तर?" त्या म्हणाल्या, "चुकलं तर रद्द करायचं. त्यात काय?"

त्यात काय, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आपल्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि पहिल्या माणसाला चुकायची परवानगी नसते असंच मी धरून चालते. तुम्ही म्हणाल, एवढंसं तिकीट, त्यात कॉलेज कुठून आलं. पण मी नाव टाकलं, पुसलं, परत टाकलं. आईचं आधार कार्ड समोर ठेवून एकेक आकडा बोटानं तपासला. आई शेजारी बसून विचारत होती, "तिथं भाकर भेटते का? खालची जागा देतेत का? दार कोण लावतंय रात्री?" सगळ्याला उत्तरं शोधली. खालचा बर्थ मिळाला. बुद्धगयेत एका विहाराच्या निवासात फोन केला, तिथले भंतेजी हिंदीत इतकं सावकाश बोलले की मी नुसती 'जी, जी' करत होते. फोन ठेवल्यावर कळलं, जायचं जानेवारीत आणि मी खोली फेब्रुवारीतली सांगून बसले आहे. परत फोन केला. ते हसले. म्हणाले, "कोई बात नहीं बेटी, कमरा तो यहीं रहेगा।"

म्हणजे चुकले, आणि दुरुस्तही झालं. हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

तुमच्या यात्रेला मी नावं ठेवत नाही. तसं कुणी सांगितलं तर ते माझं म्हणणं नाही. तुमच्या गाडीत बसलं की माणसाला काहीच ठरवावं लागत नाही, हे किती मोठं सुख आहे ते मी गेल्या वर्षी पाहिलं. सकाळी तुमचे आचारी लखमामामा रस्त्याच्या कडेला गॅस लावणार, पिठलं-भाकरी होणार, ती सगळ्यांच्या हातात येणार. ज्या बाईला गावच्या स्टँडवर एकटी सोडत नाहीत ती सारनाथला स्तूपाला टेकून फोटो काढते. आणि ती तुमची जोडी! प्रत्येकाला एक जोडीदार, गाडी हलायच्या आधी तुम्ही दारात उभे राहून ओरडणार, "जोडी लागली का?" आणि ज्यानं त्यानं आपल्या जोडीदाराचं नाव पुकारायचं. एवढ्या वर्षांत तुमचं एकही माणूस हरवलं नाही ते त्यामुळेच. रेल्वेत मला कुणी पुकारणार नाही, याची मला धास्ती आहेच.

पण तुमच्या गाडीत एक गोष्ट होत नाही. तुम्ही थांबता तिथंच थांबायचं असतं. आम्हा तिघींना वाटेत दोन दिवस थांबायचं आहे.

कुठं, ते लिहायला मी मघापासून तीनदा पेन उचलला. गेल्या वर्षी सिवनीचा मुक्काम झाल्यावर सकाळी आपली गाडी पुढं निघाली. शालूबाईंनी विचारलं, "अमृतराव, संगमरवराचे डोंगर दाखवता ना हो आमाला? मागं आमच्या नणंदेला दाखवले म्हणं तुमी." तुम्ही म्हणालात, "थंडीत बंद असतंय ते." आणि गाडी बायपासनं गेली. मी खिडकीतून पाहत होते. तुम्ही पुढं उभे होतात, पण रस्त्याकडं तुमची पाठ होती. सगळं जबलपूर मागं पडेस्तोवर तुम्ही आम्हा सगळ्यांकडं तोंड करून उभे राहिलात आणि बोलत राहिलात.

काका, संगमरवराचं भेडाघाट थंडीत बंद नसतं. मी विचारून घेतलं.

आपल्या घरात तुमच्या लेकीचं नाव कुणी घेत नाही. मी कागदावर घेते. प्रतीक्षाताई जबलपूरला राहते. आम्ही तिच्याकडं उतरणार आहोत.

तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आजच टाकते आहे. रागावलात तरी उत्तर द्या. लिंबं परत पाठवू का, की राहू देऊ?

आपली पुतणी,
दीक्षा


हिंगोली,
दि. २९ डिसेंबर

चि. दीक्षा,
जय भीम.

पत्र भेटलं. दोन नावं कमी केली. ड्रायव्हरमागची सीट शालूबाईनं तेव्हाच्या तेव्हा धरली, आता ती काय सोडत न्हाई. लिंबं वापस पाठवू नको. लोणचं घाला.

तू शिकली, तुला मोबाइल चालवता येतो, चांगली गोष्ट हाय. मला दोन गोष्टीचं उत्तर दे. अकोल्याला गाडी बदलायची म्हणजे पूल चढायचा. वहिनीचा गुडघा असा. तिला पुलावरून कोण नेणार, तुझा मोबाइल? नागपुरात गाडी लेट झाली तर तुझ्या वेबसाइटीतला कोणता साहेब येऊन तिला चहा पाजणार? तिकीट काढणं म्हणजे यात्रा न्हाई. तिकीट काय, माकडाला शिकवलं तर माकड काढील. यात्रा म्हणजे माणसं नेणं अन् माणसं वापस आणणं.

लोक माझ्या शब्दावर बाया पाठवतात. नवरा पाठवत न्हाई, भाऊ पाठवत न्हाई, पण अमृतराव हाय म्हणल्यावर पाठवतात. तो शब्द एकदा गेला होता. कसा गेला तुला माहीत हाय. पुढच्या साली गाडी अर्धी रिकामी गेली. चहाच्या टपरीवर लोक माझ्या तोंडावर म्हणले, ज्याच्या गाडीतून त्याचीच पोरगी गेली त्याच्या गाडीत आमी आमच्या पोरी काहून बसवाव्या? तो शब्द मी एकेक माणूस जोडून वापस आणला. आता माझी सख्खी वहिनी अन् पुतणी माझी गाडी सोडून रेल्वेनं जातेत म्हणल्यावर लोक काय म्हणतील, ह्याचा तू इचार केला का?

जबलपूरचं तू लिवलं. त्याच्यावर मी काही लिवणार न्हाई. बायपासचा रस्ता बरा हाय म्हणून बायपासनं जातो.

आणखी एक. तुझ्या पत्रात 'आम्हा तिघींना' असं लिवलेलं हाय. तू एक, वहिनी एक. मी जन्मभर माणसं मोजून गाडी हलवली. तिसरी कोण? नाव लिहून दे.

अमृतराव खिल्लारे


वसमत,
रविवार, ४ जानेवारी २०२६

ती. अमृतकाकांना,
सविनय जय भीम.

तिसरी आशाकाकू आहे.

हे पहिल्याच ओळीत लिहायचं असं मी ठरवून बसले होते, कारण नाहीतर पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात झाली असती. मागच्या वेळी नाव लिहिलं नाही, कारण ते लिहायचं की नाही हे तिनं ठरवायचं होतं. 'तिघी' हा शब्द मात्र माझ्या हातून आपोआप गेला. दोघी लिहिलं असतं तर खोटं झालं असतं.

तुमचं पत्र घेऊन मी गुरुवारी हिंगोलीला आले होते. तुम्ही गाडीच्या परमिटसाठी नांदेडला गेला होतात. हे लपूनछपून नव्हतं, मला दवाखान्याचं काम होतं आणि शेजारच्या मुन्नाभाऊंनी मला पाहिलं, त्यांनी तुम्हाला सांगितलंही असेल. काकू तुमच्या ओसरीवर यात्रेचा काळा मसाला कुटून डब्यांत भरत होती. ठसका लागून आम्हा दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कोण कशानं रडतंय ते समजायला मार्ग नव्हता. मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. माकडापाशी ती हसली. 'ज्याच्या गाडीतून त्याचीच पोरगी गेली' तिथं तिनं हात थांबवला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"तेच्या गाडीतून कुठं गेली ती?" काकू म्हणाली. "गाडीतून गेलीच न्हाई."

काका, आता पुढचं मी काकूच्या सांगण्यावरून लिहिते आहे. ती म्हणाली, "मला लिवता येत न्हाई, तू लिव. जसं म्हणले तसं लिव. तुझ्या मनाचं घालू नको." मी माझ्या मनाचं घातलेलं नाही. लिहून झाल्यावर तिला फोनवर वाचून दाखवलं, तिनं एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

प्रतीक्षाताई गेली त्या दिवशी यात्रा संपून बरेच दिवस झाले होते. ती यात्रेहून तुमच्याबरोबर सुखरूप घरी आली होती. गाडी त्या दिवशी सर्व्हिसिंगसाठी तुमच्या ड्रायव्हरनं, प्रेमदासनं नेली होती. संध्याकाळी गाडी गॅरेजात सापडली, प्रेमदास सापडला नाही, ताई सापडली नाही. म्हणून तुम्ही मानलंत, आणि गावानं मानलं, की ड्रायव्हरनं मालकाची पोरगी मालकाच्याच गाडीत बसवून नेली. तुम्ही ती गाडी विकून टाकलीत. पुढच्या वर्षीपासून तुमच्या यात्रेत पोरींना खिडकीशेजारची सीट देत नाहीत. गेल्या वर्षी माझी सीट तुम्ही स्वतः खिडकीकडची दिली होती, ते मला लागलं होतं, चांगल्या अर्थानं.

पण ताई तुमच्या गाडीत बसलीच नव्हती. ती एसटीनं गेली. भरदिवसा, हिंगोलीच्या स्टँडवरून. तिला एसटीत काकूनं बसवलं.

काकूचे शब्द असे आहेत: "मीच नेलं तिला स्टँडवर. तिनं मला सगळं सांगितलं होतं. पोरगा मी पाहिलेला, घरात जेवलेला. तेच्या मायला मी औंढ्याच्या बाजारात भेटले, तांड्यावरची बाई, पेमा तिचं नाव. ती म्हणली, बाई, तुमची लेक माझ्या घरात उपाशी राहणार न्हाई. मला तेवढं बस झालं. तुझे काका स्टेजवर उभं राहून म्हणतेत ना, समदे सारखे? मी बसून ऐकलेलं हाय. मला वाटलं, तसंच असंल. पण घरी इचारायची हिंमत झाली न्हाई. मी तिच्या पदरात भाकरी बांधून दिल्या अन् खिडकीपाशी बसवलं."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस काकू?"

ती म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई, लेकरा. समद्यानं गाडीलाच शिव्या दिल्या. ड्रायव्हरला दिल्या. तुझ्या काकाला दिल्या. मी घरातच होते. माझ्याकडं कुणी पाहिलंबी न्हाई. आधी वाटलं, बरं झालं. मग ते गप गप होत गेले, तेव्हा वाटलं सांगावं. तवर सांगायची येळ गेली होती."

दुरुस्ती सांगितली ती इथं: मी 'येळ गेली होती' च्या पुढं 'असं वाटलं' लिहिलं होतं. ती म्हणाली, "वाटलं न्हाई, गेली होती. आता आली."

काका, हे वाचून तुम्हाला काय होईल मला माहीत नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते आणि ती मी तुम्हाला माझी म्हणून लिहिते. तुमचा शब्द कधी गेलाच नव्हता. तुमच्या गाडीत बसलेली प्रत्येक बाई घरी आली आहे. ताईसुद्धा आली होती. ती नंतर घरातून गेली, आईला सांगून, आईनं बसवून दिलेल्या एसटीतून. टपरीवरच्या लोकांना जे उत्तर द्यायला हवं होतं ते तुमच्याजवळ नव्हतं. आता आहे. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. काकू म्हणते, "माझं नाव घेतलं तरी चालतंय."

आता तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं.

अकोल्याचा पूल. काल शनिवारी मी आईला घेऊन अकोल्याला जाऊन आले. नुसतं पूल बघायला. तुम्ही हसाल, हसा. आम्ही इकडून चढलो, तिकडून उतरलो. आई मधल्या सपाटीवर टेकली, खालून जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, म्हणाली, "हे तर चांगलं हाय, इथंच बसू." दोन्ही गाड्यांच्या मधे एवढा वेळ आहे की तिनं दोनदा टेकलं तरी चालेल. सामान मी कमी ठेवलं आहे. एक हात तिच्यासाठी मोकळा राहील, एक काकूसाठी. सामान पाठीवर.

चहा. थर्मास घेतला आहे. आणि खरं सांगू, नागपूरला गाडी लेट झाली तर आईच शेजारच्या चार जणांना चहा पाजून मोकळी होईल. तुमच्या यात्रेत ती हेच करत आली, तुम्ही पुढं असायचात म्हणून दिसलं नाही.

माकडाचं उत्तर देत नाही. तिकीट काढणं म्हणजे यात्रा नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं. म्हणूनच तर पूल बघून आले. कोमल सिस्टरांसारखं डबा खाता खाता जाणं मला कधी जमणार नाही. मी तुमच्याकडंच पाहून शिकले आहे. माणसं नेणं आणि माणसं आणणं. फरक इतकाच की कुठं उतरायचं हे या वेळी त्या माणसांना विचारलं.

काकूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, बुद्धगया पुढच्या खेपेला. तिला जबलपूरलाच राहायचं आहे. आम्ही दोघी पुढं जाऊन येऊ आणि परतताना तिला घेऊ. अर्ध्या जिल्ह्याला तुम्ही बुद्धगया दाखवलीत, त्या सगळ्यांच्या भाजीत काकूचा मसाला पडला, आणि ती स्वतः नांदेडच्या पलीकडं गेलेली नाही. घर बंद ठेवता येत नाही, म्हणून. तुम्ही तिला कधी नाही म्हणाला नाहीत, हे ती स्वतःच सांगते. पण चल असंही कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही, ताईनं मला फोनवर विचारेपर्यंत. ताईनं विचारलं, "आईला खोलीतला पंखा लागतो का गं झोपताना?" मी म्हटलं, तूच विचार, मी घेऊन येते.

ताई आणि प्रेमदास बरे आहेत. जबलपूरच्या ज्या गॅरेजात तुमच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा मोडला म्हणून मागं कधी तरी तुम्ही मुक्काम केला होता, तिथंच तो काम करतो. आपल्या बाजूची यात्रेची गाडी दिसली की तो नंबर पाहायला रस्त्यापर्यंत येतो, असं ताई म्हणाली. बायपासवरून जाणाऱ्या दिसत नाहीत.

लोक काय म्हणतील, हे तुम्ही विचारलंत. मी विचार केला. मला वाटतं, विचारतील तर खरं सांगावं, की वहिनी आणि पुतणी घरच्या माणसांना भेटायला गेल्या. ज्यांना तुमची गाडी हवी ते तुमच्या गाडीत बसतील, शालूबाईंनी सीट धरली आहेच. पुढच्या वर्षी मी तुमच्या गाडीत असेन की नाही, ते आज लिहून देत नाही. त्या वेळी जे खरं असेल ते कागदावर कळवीन.

आता एक नाजूक गोष्ट. तुमचं तिकीट मी काढलेलं नाही. आई म्हणाली काढून ठेव, काकू म्हणाली नको, आणि मला काकूचं पटलं. तुम्हाला न विचारता तुमच्या नावानं काही करणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून विचारते. येता का? गाडीच्या दारात उभं राहून नव्हे, आमच्यासारखं सीटवर बसून, कुणाला न मोजता. हो म्हणालात तर तिकीट काढायचं माझ्याकडं लागलं. आमच्या डब्यात जागा नाही मिळाली तर दुसऱ्या डब्यात मिळेल, तीही नाही मिळाली तर मी आईच्या पायाशी बसेन आणि माझा बर्थ तुम्हाला देईन, तेवढ्यासाठी टीसीच्या हातापाया पडावं लागलं तरी पडेन. नाही म्हणालात तर मी तुम्हाला दुसऱ्यांदा विचारणार नाही, आणि त्यावरून तोंड वाकडंही करणार नाही.

पण काकूसाठी मी तुमची परवानगी मागत नाही. मला कॉलेजात नाव घालायला तुम्ही नेलं होतंत, तेव्हा फॉर्मवर वडिलांच्या जागी सही करताना तुम्ही विचारलं होतंत, "पक्कं ना?" तसं मी काकूला विचारलं. ती म्हणाली, पक्कं. त्यामुळे परवानगी झाली. तुम्हाला मी फक्त कळवते आहे, म्हणजे या वेळी कुणी स्टँडवर गुपचूप जाणार नाही, कुणी गाडीला शिव्या देणार नाही आणि कुणाला वर्षानुवर्षं गप्प बसावं लागणार नाही.

निघायच्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं आई आणि मी हिंगोलीला येतो. स्टँडवरून सरळ तुमच्या घरी. तुम्ही घरीच असावं असं मला वाटतं, कुठं परमिटला जाऊ नका. चहा झाला की काकूला घेऊन आम्ही चालत स्टेशनवर जाऊ, मधल्या रस्त्यानं, टपरीवरून. कुणी विचारलं कुठं निघाल्या, तर काकू सांगेल. तिनं ते वाक्य पाठ करून ठेवलं आहे, "लेकीकडं."

तुम्ही दार उघडलंत तरी मी येणार आणि नाही उघडलंत तरी बाहेरून काकूला हाक मारणार.

शनिवार, २४ जानेवारी.

तुमचीच,
दीक्षा